गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर एकटा का पुरत नाही

म्हशीचे दिवस भरलेत, कास भरलीय, पण पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, काही दिसत नाही. ती सारखी उठते, बसते, पोटाला लाथ मारते, पुढ्यातली वैरण हुंगून तशीच सोडते. कळा आल्यासारख्या वाटतात आणि थांबतात. हे काही तास चाललं की गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते. गायींपेक्षा म्हशींमध्ये हे जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा पीळ उजव्या बाजूला असतो. डॉक्टर आत हात घालून तपासतात तेव्हा वासराची वाट पिळलेल्या ओल्या कपड्यासारखी वळत, निमुळती होत गेलेली बोटांना लागते.

हा पीळ इंजेक्शननं सुटत नाही. तो सोडवायचा तो म्हशीलाच लोळवून. ज्या बाजूला पीळ आहे त्याच बाजूवर तिला आडवं पाडतात. पुढचे दोन पाय एका दोरीत, मागचे दोन दुसऱ्या दोरीत बांधतात. एक लांब, रुंद फळी तिच्या वरच्या भकाळीवर, म्हणजे बरगड्या आणि कमरेमधल्या खोलगट भागावर, तिरकी टेकवतात. फळीचं खालचं टोक जमिनीवर असतं आणि त्या फळीवर एक माणूस उभा राहतो. एकजण तिचं डोकं धरून बसतो, म्हणजे मान मुरगळत नाही आणि शिंगं जमिनीत रुतत नाहीत. मग दोऱ्या ओढून तिला पिळाच्याच दिशेनं, सावकाश, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फिरवतात. फळीच्या दाबानं गर्भाशय जागीच थांबतं, त्याच्याभोवती म्हशीचं शरीर फिरतं आणि पीळ उलगडतो. प्रत्येक फेरीनंतर डॉक्टर पुन्हा हात घालून पाहतात. पीळ सुटला की अडलेलं पाणी बाहेर येतं आणि आत वासराचे पाय सहज लागतात. दोन-तीन फेऱ्यांत जमलं नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

दिशा चुकली तर पीळ वाढतो, म्हणून पीळ कुठल्या अंगाला आहे हे अचूक ओळखणं हे डॉक्टरचं काम. पण चार-पाचशे किलोचं धूड फिरवायला किमान पाच-सहा माणसं लागतात, ती एका सुरात ओढणारी लागतात, आणि फळीवरच्या माणसाला वजन कधी द्यायचं व कधी काढायचं हे कळावं लागतं. पशुवैद्यकीय काम म्हणजे पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा एक उपचार आधी सांगतो.

दुसरं उदाहरण दुग्धज्वराचं. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत तिच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून ती बसते आणि उठत नाही. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. उलट अंग थंड असतं. इथे शिरेतून कॅल्शियमची बाटली देतात. हेच कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून एकजण बाटली धरतो आणि डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकत बसतात. बाटली वर नेली की धार वाढते, खाली आणली की मंदावते. ठोके अडखळले आणि डॉक्टरनं ‘खाली’ म्हटलं की त्याच क्षणी बाटली खाली यायला हवी. त्या दहा-पंधरा मिनिटांत गायीचा जीव बाटली धरणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो बहुधा गोठ्याचा मालक किंवा दवाखान्यातला परिचर असतो. अंगावरचे स्नायू थरथरायला लागले, ढेकर आली, गायीनं शेण टाकलं की सगळ्यांचे चेहरे सैल होतात. थोड्या वेळात ती उठून उभी राहते. गोठ्यातलं इतकं झटपट आणि इतकं सुखाचं यश मला दुसरं माहीत नाही.

आता ही माणसं कोण, ते पाहू. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेनुसार सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्याची देखभाल मुख्यतः पशुसंवर्धन विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे दवाखाने करतात. श्रेणी १च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, म्हणजे आपण ज्यांना डॉक्टर म्हणतो ते. बारावीनंतर नीट परीक्षा देऊन साडेपाच वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि मग पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, असा त्यांचा रस्ता. श्रेणी २चा दवाखाना साधारणपणे सहायक पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात. त्यांचं शिक्षण पदविकेचं. शिवाय व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा, आणि परिचर. यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की दवाखाना कागदावर चालू राहतो आणि प्रत्यक्षात अडतो.

कोणी काय करायचं हे कायद्यानं ठरलेलं आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ सालचा. त्यानुसार रोगनिदान, औषधयोजना, शस्त्रक्रिया हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम. पदविकाधारकांना राज्य सरकार ठरवून देईल त्या किरकोळ सेवा देता येतात, पण त्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. गावात पिशवी घेऊन फिरणारा आणि कुठल्याही आजाराला प्रतिजैविकाची सुई टोचणारा माणूस या चौकटीत बसत नाही, मग तो कितीही गोड बोलणारा आणि अर्ध्या रात्री येणारा असो.

सरकारी यादीत नसलेलं एक माणूस मात्र मी या पथकात सगळ्यात वर ठेवीन: रोज धार काढणारी बाई. जनावर बोलत नाही, त्यामुळे डॉक्टरला विचारपूस करावी लागते ती माणसाकडे. शेवटचं कधी खाल्लं? रवंथ करते का? शेण पातळ की घट्ट? दूध एकदम आटलं की हळूहळू? एका सडात फरक वाटतो का? दवाखान्यात गाय घेऊन येतो तो घरातला पुरुष, आणि बऱ्याचदा त्याला यातलं अर्धंच माहीत असतं. ज्या बाईनं सकाळी सड हातात धरला, त्यातला एक गरम लागला, दुधात गाठी दिसल्या, आंबोण पुढे ठेवल्यावर गायीनं मान फिरवली हे पाहिलं, ती घरी राहते. फोन लावून ‘वहिनींना द्या’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांचं निदान लवकर होतं यात मला नवल वाटत नाही. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून तयार झालेल्या पशुसखींचं महत्त्वही मला याचमुळे वाटतं. शेळ्यांचं जंतनाशक, लसीकरणाच्या तारखा, प्राथमिक उपचार हे सगळं त्या वस्तीवरच पाहतात, आणि मुख्य म्हणजे बायका त्यांच्याशी मोकळेपणानं बोलतात.

माज ओळखण्याचंही तेच. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज काही तासच टिकतो. कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या असतात. ती कांडी कोमट पाण्यात योग्य तापमानाला वितळवून योग्य ठिकाणी सोडायची हे पर्यवेक्षकाचं कौशल्य. पण सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा साधा नियम पाळता येतो तो घरच्यांनी माज वेळेवर पाहिला तरच. म्हशीचा माज मुका असतो. ती ओरडतेच असं नाही, आणि उन्हाळ्यात तर लक्षणं आणखी दबतात. पहाटे आणि रात्री गोठ्यात चक्कर मारणारा माणूस नसेल तर नळकांड्यातली उत्तम जात वाया जाते.

आता जनावर धरण्याबद्दल. या कामात जखमा होतात त्या इथेच, आणि शिकवलं जातं सगळ्यात कमी तेही इथेच. गाय-म्हैस ही भक्ष्याची जात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाणं सगळ्यात धोक्याचं. बाजूनं, आवाज देत, पाठीवर हात ठेवून जवळ जावं. घोडा सरळ मागे लाथ झाडतो. गायीची लाथ पुढे आणि बाजूला फिरून येते, त्यामुळे भकाळीजवळ उभा असलेला माणूसही तिच्या टप्प्यात असतो. खांद्याच्या पुढे उभं राहिलात तर ती मागे सरते, खांद्याच्या मागे गेलात तर पुढे चालते. हे एवढं माहीत असलं तरी काठीची निम्मी गरज संपते.

दवाखान्याच्या आवारात लोखंडी पाइपांचा खोडा असतो. जनावर त्यात घेतलं, पुढची आडवी दांडी लावली, मागची लावली, की तपासणी सुरक्षित होते. गोठ्यावर खोडा नसतो. तिथे मोरखी (तोंडावरून बांधलेली दोरी), वेसण, दावं आणि खांब यांवर भागवावं लागतं. दोर खांबाला असा बांधावा की गरज पडली तर एका झटक्यात सुटेल. जनावर घसरून पडलं आणि गाठ सुटत नसेल तर गळफास बसतो. वेसण ही ताबा ठेवायला असते, लटकायला नाही. ती हिसडून नाक फाटलेली जनावरं दवाखान्यात येतात. लाथ मारणाऱ्या गायीची शेपटी अगदी मुळाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलली तर तिला मागचा पाय झाडणं अवघड जातं. शेपटीच्या मधोमध धरून पिरगळली तर मणका मोडतो. जनावराला आडवं पाडायचं तर गळ्यापासून छाती आणि पोटाभोवती दोरीचे वेढे देऊन मागे ओढतात. ते गुडघे टेकून आपोआप बसतं. ढकलाढकली करावी लागत नाही. पण रवंथ करणारं जनावर फार वेळ आडवं ठेवलं तर पोटात वायू साठतो, म्हणून काम आटोपलं की लगेच छातीवर बसतं करायचं. आणि धरणाऱ्यांमध्ये सूचना देणारा एकच असावा. चौघांनी चार दिशांनी आरडाओरडा केला की बिथरलेलं जनावर आणखी बिथरतं.

अडलेल्या गायीच्या वेळी तर ही शिस्त फारच लागते. पाय बाहेर दिसले म्हणजे ओढायला सुरुवात, हे चूक. आधी ते पाय पुढचे की मागचे हे कळायला हवं. खुराच्या वरचा सांधा आणि त्यानंतरचा मोठा सांधा एकाच दिशेला वळत असतील तर ते पुढचे पाय, विरुद्ध दिशांना वळत असतील तर मागचे. पुढचे असतील तर त्यांच्यावर डोकं टेकलेलं हवं. डोकं मागे वळलेलं असताना ओढलं तर वासरू आणि गाय दोन्ही जातात. डॉक्टर आधी वासराला आत ढकलून डोकं सरळ करतात आणि मगच दोऱ्या लावतात. ओढायचं तेही गाय कळ देईल तेव्हाच, एकदा एक पाय, एकदा दुसरा, म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. डोकं बाहेर आलं की दिशा खाली, गायीच्या टाचांकडे. दोन-तीन माणसांची ताकद पुरते. दोर ट्रॅक्टरला बांधण्याचा प्रकार कुठेही दिसला तर तो थांबवावा, त्यासाठी वाईटपणा घ्यावा लागला तरी.

यानंतरचा भाग मला सगळ्यात कळकळीनं सांगायचा आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. गाय लाळ गाळतेय, पाणी पिता येत नाही, विचित्र हंबरते. घरचे म्हणतात, ‘घशात काहीतरी अडकलंय.’ मग कोणीतरी बाही सरसावून तोंडात हात घालतो आणि बटाटा किंवा आंब्याची कोय शोधतो. कधी खरंच कोय असते. पण पिसाळलेल्या जनावराची लक्षणंही हुबेहूब हीच. घशाचे स्नायू लुळे पडल्यानं लाळ गिळता येत नाही, आणि त्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. कुत्रा चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तोवर चावा विसरला गेलेला असतो. म्हणून नियम असा: लाळ गाळणारं, गिळू न शकणारं जनावर हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत रेबीजचं समजायचं. हातमोज्याशिवाय तोंडाजवळ जायचं नाही. लाळ जखमेवर किंवा डोळ्यात गेली तर ती जागा लगेच धुवायची, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लसीसाठी जायचं. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर इलाज नाही. या कामातल्या प्रत्येकानं चावा होण्याआधीच प्रतिबंधक लस घेतलेली असावी. प्रत्येकानं म्हणजे परिचरानं, गाडीच्या चालकानं आणि डॉक्टरबरोबर मदतीला फिरणाऱ्या पोरानंसुद्धा. डॉक्टर लस घेतो आणि जनावराचं तोंड धरणारा लस न घेता तसाच धरतो, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरा आजार ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं, वार (झार) अडकते आणि ती काढायला उघडे हात आत जातात. त्या स्रावातून, आणि कच्च्या दुधातूनही, हा आजार माणसाला होतो. उलटून उलटून येणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणं अशी लक्षणं महिनोन्महिने चालतात, आणि कारण गोठ्यात आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. अशा तापात डॉक्टरांना ‘मी गुरांचं काम करतो’ हे आपणहून सांगावं. २०१९पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना याची लस एकदाच देतात. ती लस जिवंत जंतूंची असते, स्वतःच्या बोटात टोचली तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. म्हणून ती देताना हातमोजे आणि चष्मा हवाच, गावात किती का घाई असेना.

आणि काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून आणि गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर ते फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. हवा लागली की जंतू बीजरूप घेतो आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतो. डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहतात. नंतर खोल खड्डा आणि चुना.

औषधाचं एक सांगतो. प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक दिवस दूध विकायचं नाही, ही सूचना कागदावर लिहून घरात लावावी, कारण डेअरीला दूध घालणारा आणि डॉक्टरशी बोललेला माणूस वेगवेगळा असतो. सुईतून गेलेलं औषध गोठ्याबाहेरही पोचतं. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही.

शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात प्राणी लहान असतात, पण माणसांची गरज तीच. शस्त्रक्रियेत डॉक्टरचे डोळे जखमेवर असतात. श्वास, हिरड्यांचा रंग, ठोके पाहत बसणारा सहायक वेगळा लागतो, आणि भुलीतून प्राणी पुरता जागा होईपर्यंत त्यानं तिथून हलायचं नसतं. हे सहायक बहुतेक काम करता करता शिकलेले असतात. चावऱ्या कुत्र्याचं तोंड पट्टीनं बांधता येतं, पण धापा टाकणाऱ्या, उलट्या करणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याचं नाही. कुत्रा धापेनंच अंग थंड करतो. मांजराला मानगूट धरून लटकवण्यापेक्षा टॉवेलात गुंडाळावं आणि पिंजऱ्यावर कापड टाकून आणावं.

गावाकडे फिरतं पथक बोलवायचं असेल तर १९६२ हा क्रमांक निःशुल्क आहे. गाडीत एक पशुवैद्यक, एक सहायक आणि चालक असे तिघे येतात, म्हणजे वर सांगितलेली उरलेली माणसं तुम्हालाच जमवायची आहेत. फोनवर जनावर कोणतं, गाभण किंवा व्यायलेलं आहे का, शेवटचं कधी खाल्लं, त्रास कधीपासून, आधी कोणती सुई दिली हे सांगा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक वाचून ठेवा. गाडी पोचेपर्यंत जनावर सावलीत, न घसरणाऱ्या जागी बांधा. दोन मजबूत दोर, बादलीभर स्वच्छ पाणी, साबण आणि उजेड तयार ठेवा. आणि धार काढणाऱ्या वहिनींना रानातून बोलावून घ्या.